दहा मोजेपर्यंत न जळणारी फळी

मिरजगावात कानिफनाथला ओळखत नाही असा माणूस नाही. पण त्याच्या हातची एखादी वस्तू दाखवा म्हटलं, तर गाव विचारात पडतं. सुताराचा मुलगा, वय एक्कावन्न, आणि हाताला एक घट्टा नाही. हा टोमणा नाही. मी हात पाहून लिहितो आहे.

त्याचा बाप गोरक्ष बैलगाडीची चाकं करायचा. चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की पहाटेपासून उपाशी राबायचा, काम संपल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. चार मुलींच्या पाठीवर, मढीच्या नाथाला नवस बोलून हा मुलगा झाला. म्हणून नाव कानिफनाथ. नवसाच्या मुलाच्या हातात करवत कोण देणार? आईने दिली नाही, बहिणींनी दिली नाही. गोरक्षने दोनदा दिली. दोन्ही वेळा पोराने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि एसटी स्टँडवर गप्पा मारायला गेला.

मी गोरक्षच्या हाताखाली चार वर्षं रंधा मारला. पुढे सुप्याच्या एमआयडीसीत गेलो आणि शेवटची अकरा वर्षं फळ्यांच्या कारखान्यात मिक्सरवर काढली. म्हणून या माणसाबद्दल आणि त्याच्या फळ्यांबद्दल चार ओळी लिहायचा मला अधिकार आहे, असं मी समजतो.

ही फळी म्हणजे लाकूड नव्हे. उसाचा चोथा किंवा तुराट्या बारीक दळायच्या, हाडासारख्या कोरड्या करायच्या, प्लास्टिकच्या दाण्यांत कालवायच्या आणि तापवून साच्यातून दाबून काढायच्या. दिसायला सागासारखी. वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. इथपर्यंत फळी चांगली. पण तिच्या पोटात आहे काय? काडी आणि प्लास्टिक. दोन्ही जळतात. आग दबायला हवी असेल तर तिसरी वस्तू घालावी लागते. एक पांढरी भुकटी असते. ती तापली की आपल्यातलं पाणी सोडते आणि आग दबते. चिमूटभराने भागत नाही. पोतीच्या पोती ओताव्या लागतात. मग फळी जड होते, ठिसूळ होते, कडेला सरळ स्क्रू मारला की टवका उडतो. म्हणून आमच्याकडे दोन जातींची फळी निघायची, भुकटीची आणि बिनभुकटीची. भुकटीच्या फळीला मागच्या बाजूने लांब लाल रेघ. कारखान्याच्या मालाच्या यादीत हे स्पष्ट छापलेलं होतं, लपवाछपवी नव्हती. फक्त रेघ बघायची तर फळी उलटी करावी लागते.

कानिफनाथने सहा वर्षं या फळ्यांचं दुकान चालवलं आणि फळी कधी उलटी केली नाही. हलकी असेल ती टेम्पोत टाका, एवढंच तो सांगायचा. हलकी म्हणजे बिनभुकटीची.

कापायला, जोडायला त्याने माणसं ठेवली होती. स्वतःकडे त्याने एकच काम ठेवलं, लायटरचं. गावोगाव जाऊन तो फळीचा तुकडा टेबलावर आडवा ठेवायचा, लायटर पेटवून ज्योत फळीच्या रुंद अंगाला लावायचा आणि लोकांना मोजायला लावायचा.

"मोजा पाहुणं, मोठ्यानं मोजा! एक... दोन..."

दहा झाले की लायटर बंद. खिशातून पांढरा रुमाल काढायचा आणि काजळी पुसायची. फळीला काही झालेलं नसायचं. लोक टाळ्या वाजवायचे. तो रुमाल रात्री त्याची बायको मनकर्णा घासून धुवायची. त्या खेळात खरं काम तेवढंच होतं.

मी त्याला दोनदा सांगितलं. बोटभर जाड बाभळीच्या फळीलाही रुंद अंगावर दहा आकड्यांत काही होत नाही. आग रुंद अंगाला लागत नाही, कडेला लागते. खालून लागते आणि वर चढते. कारखान्यात आम्ही पट्टी उभी टांगायचो, खाली कापूस ठेवायचो, खालच्या कडेला ज्योत द्यायचो. ज्योत काढल्यावर पट्टी किती वेळ जळते ते घड्याळावर बघायचो. जळता थेंब पडून कापूस पेटला, तर तो माल त्या कामाचा नाही.

"तात्या," तो मला म्हणाला, "तुमी कारखान्यात कापूस पेटवित बसला म्हणून मिक्सरवरच रिटायर झाला. मी बघा, लायटरवर दुकान केलं."

या बोलण्यावर दुकानातले सगळे हसले. हसण्यासारखं होतंच. मी घरी गेलो.

श्रावणात त्याला मोठं काम दिसलं. आमच्यापासून नऊ किलोमीटरवर एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. बेचाळीस मुली एका लांब हॉलमध्ये झोपतात आणि हॉलला लागूनच स्वयंपाकघर आहे, गॅसच्या टाक्यांसकट. मधलं दार आणि हॉलची बाकीची दारं वाळवीने खाल्लेली. संस्थेचे सेक्रेटरी काकासाहेब. त्यांना दसऱ्याला नवी दारं लावून पाहुण्यांच्या हस्ते फीत कापायची होती. कानिफनाथ मला बरोबर घेऊन गेला. कारखान्यातला जुना माणूस शेजारी उभा असला की माल पक्का वाटतो, हा त्याचा हिशेब. मीही गेलो, कारण मला ते दार बघायचं होतं.

लायटरचा खेळ झाला. काकासाहेबांनी स्वतः दहा मोजले. टाळ्या झाल्या. वसतिगृह सांभाळणाऱ्या प्रज्ञा मॅडम मात्र टाळ्या न वाजवता उभ्या होत्या.

"दार उभं असतं ना?" त्या म्हणाल्या. "मग तुम्ही फळी आडवी का ठेवता?"

"मॅडम, उभं दार जाळाया मला शिडी लागंल," कानिफनाथ म्हणाला. पुन्हा हशा.

मी म्हणालो, "उभी धर की. खालून लाव."

काकासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, तुम्ही आता रिटायर झालात. आराम करा."

प्रज्ञा मॅडमनी पुढे वाद घातला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. ही फळी आगीला टिकते असं तुमच्या सहीने लिहून द्या. मुली माझ्या जबाबदारीवर झोपतात."

"द्या हो लिहून," काकासाहेब म्हणाले. "एक सही तर करायची. आठव्या माळेला या, तेव्हाच पक्कं करू. दारं तोवर तयार करून ठेवा, म्हणजे दसरा साधेल."

कानिफनाथ हो म्हणाला. सही करायला तो नेहमीच तयार असे. सहीला घाम येत नाही.

आता त्याने स्वतःच्या हाताने जोडलेल्या एकुलत्या एका वस्तूबद्दल. घरात गोरक्षने केलेला शिसवी देव्हारा होता. दिव्याच्या वर गोरक्षने पितळी पत्रा ठोकला होता, काळा पडला की चिंचेने घासायचा. कानिफनाथला तो जुनाट वाटला. त्याने उरलेल्या फळ्यांचा नवा देव्हारा जोडला, टीव्हीच्या कपाटासारखा. खाली घटासाठी खास कप्पा, दिव्याला वारा लागू नये म्हणून तीन बाजू बंद, आणि वरच्या फळीला माळा अडकवायला हुक. दिवा आणि वरची फळी यांत जेमतेम एक वीत. पत्रा नाही. फळीला काही होत नाही म्हटल्यावर पत्रा कशाला? गोरक्षचा देव्हारा गोठ्यात गेला. तिथे त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली.

नवरात्र बसलं. सहाव्या माळेला भर दुपारी मनकर्णा माझ्या दारात आली.

"तात्या, जरा येताव का? देव्हारा वाकाया लागलाय."

जाऊन बघतो तो वरची फळी दिव्याच्या बाजूने मऊ पडून खाली आली होती. ज्योतीच्या नेमकं वर काळा फोड. हुक तिरका झाला होता आणि सहा माळा घटावरून घसरत दिव्याकडे निघाल्या होत्या. पहिल्या माळेची कारळ्याची फुलं तर वाळून कागद झाली होती. माळ आणि ज्योत यांच्यामध्ये चार बोटं अंतर. मनकर्णा दोन्ही हातांनी माळा वर उचलून धरायला बसली. कानिफनाथ मोबाईलवर फोटो काढत होता.

त्याची आई रंगुबाई तेलाची वाटी घेऊन समोर बसलेली. वय अठ्ठ्याहत्तर, नवरात्राचे उपास चालू.

"आये, दिवा जरा बाजूला सरकव," तो म्हणाला. "चार बोटं."

"घट बसल्यावर दिवा सरकवतेत व्हय रं?"

"मग दोन घटका इझवू. परत लावू."

"इझवू? माझ्या सासूपासून कदी इझला न्हाई ह्यो दिवा नवरात्रात. वात बारीक करीन, पर इझू देनार न्हाई. देव बसल्यात. उठायचे ते दसऱ्याला."

"अगं, काय होत न्हाई त्या फळीला. आगीला टिकती."

"मग सरकवायचा कशापायी?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मनकर्णाच्या हातांकडे बघत होतो. माळा धरून ते भरून आले होते.

दिवा हलत नाही, घट हलत नाही. हलवायची ती फळी. वरचा भाग कापून काढायचा, खाली काही न हलवता.

"मशीन आनतो," तो म्हणाला.

"मशीनच्या हादऱ्यानं घट सांडंल," मी म्हणालो. " आनि मऊ फळी पात्याला चिकटंल. करवत काढ."

करवत माळ्यावर होती, गोरक्षची. दर खंडेनवमीला मनकर्णा ती पुसायची, तेल आणि हळदकुंकू लावून परत ठेवायची. त्यामुळे गंज नव्हता. धारही नव्हती. पूजेने धार येत नाही. मी कानस त्याच्या हातात दिली आणि दाते घासायला बसवला. दहा-बारा दाते घासून त्याने कानस खाली ठेवली.

"समदे," मी म्हणालो.

त्याने सगळे घासले. तोवर मी परात ओली करून ज्योतीच्या वर तिरकी धरली, भुसा खाली पडू नये, वरची आच तुटावी आणि दिव्याला हवाही मिळावी म्हणून. मग तो पाटावर उभा राहिला आणि कापायला लागला. पहिल्या अर्ध्या तासात करवत तीनदा अडकली. तो जोर लावायचा, देव्हारा हलायचा, घटातलं पाणी हिंदकळायचं, रंगुबाई ओरडायची. जोर लावायचा नसतो, करवतीला तिच्या वजनाने जाऊ द्यायचं असतं. हे त्याला बापाने बाराव्या वर्षी सांगितलं होतं. मी एक्कावन्नाव्या वर्षी परत सांगितलं.

कपाळावरून घाम गळून करवतीच्या पात्यावर पडायला लागला.

"दहा मोजून झालं का रं?" रंगुबाई म्हणाली.

मनकर्णाला हसू आलं. माळा हलल्या. "आत्या, हसवू नगा, माळ पडंल."

"मी कुटं हसविते? ह्येच तर मोजाया लावतो समद्यांना."

तो कापत राहिला. दोन तास लागले. तीन तुकड्यांत वरची फळी निघाली. मी दोन बाजूंना विटांच्या चवडी रचून तीन वीत उंच काठी आडवी टेकवली आणि माळा तिच्यावर घेतल्या. दिवा जिथे होता तिथेच जळत होता. कानिफनाथच्या उजव्या तळहाताला तीन फोड आले होते, एक फुटला होता. त्याने हात सगळ्यांना दिसेल असा धरला होता. कुणी बघितला नाही.

मी कापलेल्या तुकड्यातून एक पट्टी काढली आणि परसात गेलो. तो मागून आला.

"तात्या, दाखवू नगा. कळलं मला."

"मी न्हाई दाखवत. तूच लाव. लायटर तुझा हाय."

पट्टी मी पक्कडीत उभी धरली. त्याने खालच्या कडेला ज्योत लावली. सवयीने मोजायला लागला. सातला कड पेटली. दहाला त्याने लायटर काढला. पट्टी जळतच राहिली. ज्योत वर चढत गेली, काळा धूर निघाला, आणि मग गळायला लागली. जळते थेंब, एकामागून एक. खाली पडूनही ते विझत नव्हते. लाकूड जळतं, पण असं गळत नाही. लाकूड वरून कोळसा धरतं आणि आतलं थोडा वेळ वाचवतं. इथे वाचवायला काही नव्हतं. एक थेंब कडब्याच्या काडीवर पडला, काडी पेटली. गोठ्यातली कोंबडी देव्हाऱ्यातून उडून भिंतीवर जाऊन बसली.

त्याने बादली ओतली.

"तो हॉल," तो म्हणाला. "पोरी झोपत्यात त्या दारामागं."

मी पक्कड धुवायला घेतली. त्याला माहीत असलेली गोष्ट मी कशाला सांगू?

तो दुकानात गेला आणि सगळ्या फळ्या एकेक करून उलट्या केल्या. फुटलेल्या फोडाच्या हाताने. वसतिगृहासाठी कापून ठेवलेल्या दारांसकट अठ्ठावीस फळ्या. एकीलाही लाल रेघ नव्हती.

सातव्या माळेला तो सुप्याला जाऊन रेघेची एक फळी घेऊन आला. टेम्पोतून ती उतरवताना आम्हा दोघांना धाप लागली. आठव्या माळेला आम्ही वसतिगृहात गेलो. काकासाहेबांनी कागद टाईप करून ठेवला होता, पेन टोपण काढून वर.

"या, या. पेढे मागवलेत. आधी सही करा."

"सायेब, आधी अंगणात या," कानिफनाथ म्हणाला.

त्याने दोन पट्ट्या विटांमध्ये उभ्या रोवल्या. खाली कापूस मांडला. पहिली बिनरेघेची. खालून लायटर. या वेळी त्याने कुणाला मोजायला सांगितलं नाही. पट्टी पेटली, गळली, कापूस भडकला. खिडकीत उभ्या असलेल्या मुली मागे सरल्या. दुसरी रेघेची. लायटर होता तोवर कड काळी पडली, थोडी धुमसली. लायटर काढल्यावर विझली. कापूस पांढरा राहिला.

काकासाहेब आधी पट्ट्यांकडे, मग त्याच्याकडे बघत म्हणाले, "श्रावणात मला दाखवली ती कोणती?"

"जळाली ती."

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवत होतात?"

"मलाबी ठावं नव्हतं."

"सहा वर्षं दुकान आहे तुमचं!"

"व्हय. पर फळी उलटी केली नव्हती."

काकासाहेबांनी रागाने पेनाचं टोपण लावलं. मग माणसं करतात तसा मार्ग काढला. "बरं, झालं ते झालं. ही दुसरी लावा. दसऱ्याला पाहुणे येणार आहेत."

"दसऱ्याला व्हायची न्हाईत. ही जड हाय, ठिसूळ हाय. प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडावं लागतंय. बिजागऱ्या जाड लागतेत, चौकटी बदलाव्या लागतील."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"लायटर दाखवत हुतो," कानिफनाथ म्हणाला.

काकासाहेब म्हणाले की जिल्ह्यात दुसरे दुकानदार आहेत. ते खरं होतं. प्रज्ञा मॅडम मध्ये पडल्या. "दुसरा येईल तोही आडवी फळी ठेवून दाखवेल. हा निदान उभी धरायला शिकलाय. पाहुण्यांना दिवाळीनंतर बोलवा, साहेब." मग कानिफनाथकडे वळून त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिहून मात्र द्यायचं."

"ही आगीला टिकती असं लिव्हनार न्हाई," तो म्हणाला. "लायटर काढल्यावर इझली, थेंब पडला न्हाई, एवढं बघितलं. तेवढं लिव्हतो."

त्याने तेवढं लिहिलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. सही केली. त्या सहीला वेळ लागला, कारण तळहात सुजला होता.

दारं दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात बसली. कामावरच्या माणसांनी एवढी भोकं पाडायला कुरकुर केली, म्हणून निम्मी त्याने स्वतः पाडली. कडेचे टवके उडून पाच फळ्या वाया गेल्या. त्यातल्या चार त्याच्या हातच्या. स्वयंपाकघराचं दार सरळ बसलं आहे. मी ओळंबा लावून बघितलं. हॉलचं मागचं दार खाली घासतं. मॅडमनी दोनदा फोन केला, तिसऱ्या फोनला तो कानस घेऊन गेला.

ही दारं आग विझवत नाहीत. मुलींना दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला काही मिनिटं देतात. दाराचं काम तेवढंच. त्यासाठी कुणाला शाबासकी द्यावी असं मला वाटत नाही. हे सहा वर्षांपूर्वी एक फळी उलटून झालं असतं.

गोरक्षचा देव्हारा पुन्हा घरात आला. रंगुबाईने तो सात पाण्यांनी धुतला. कोंबडीने महिनाभर गोठ्यात दुसरी जागा धरली नाही. याच फळ्यांचे, माणसांकडून जोडून घेतलेले देव्हारेही कानिफनाथने दुकानातून विकले होते, ते एकूण अठरा घरांत आहेत. तो घरोघर जाऊन दिव्याच्या वर पत्रा ठोकून देतो. दुसऱ्या कुणाला पाठवत नाही, कारण गेल्यावर काय सांगायचं ते त्यालाच सांगावं लागतं. आजवर अकरा झाले. सात राहिलेत. लग्नसराई आहे, ऊन आहे, कंबर दुखते, असं तो म्हणतो.

मी काल त्याच्या आईसमोर विचारलं, "उरलेली सात कदी?"

"करतो की, तात्या."

रंगुबाई जपमाळ ओढत होती. ती थांबली नाही. नुसतं म्हणाली, "भावजी, त्येला करवत द्या हातात. नुसतं सोडलं तर परत स्टँडावर जाईल."